लिली-रोझची आई

माझ्याकडे फ्रेंच शिकायला येणारी मुलं आता एकोणीस-वीस वर्षांची असतात. त्यांच्यापुढे फ्रेंच गायिका-नटी व्हानेसा पारादीचं नाव घेतलं की सगळे चेहरे कोरे. मग मी म्हणते, "अरे, लिली-रोझ डेपची आई." लगेच कुणीतरी म्हणतं, "हां, म्हणजे जॉनी डेपची एक्स!" झालं. बाई चौदाव्या वर्षापासून काम करतेय आणि तिची ओळख दोन नात्यांत आटोपली. गेल्या आठवड्यात एकानं वर विचारलं, "मॅम, पण ती स्वतः काय करायची?" त्याला वर्गात अर्धामुर्धा जीव तोडून सांगितलं. उरलेलं इथे लिहिते.

आधीच कबूल करते, की ती फार मोठी गायिका आहे असं माझं म्हणणं नाही. फार मोठी नटी आहे असंही नाही. पण आपल्याजवळ नेमकं किती आहे, ते कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणाच्या शेजारी उभं राहायचं, याची जी अक्कल तिच्याकडे आहे ती मी फार थोड्या कलाकारांत पाहिली. तिच्या कामाकडे मी त्याच अंगानं बघते.

जन्म २२ डिसेंबर १९७२ चा, पॅरिसजवळच्या साँ-मोर-दे-फोसे या गावचा. आईवडील घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करायचे. गाण्या-सिनेमाच्या जगात होता तो मामा, दिदिए पँ. स्वतः नट, पुढे तिचा निर्माता. सात-आठ वर्षांची असताना ती जाक मार्तँच्या 'लेकोल दे फान' या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गायली. एखादा गायक पाहुणा म्हणून यायचा, चिमुरडी मुलं त्याच्यासमोर त्याचीच गाणी म्हणायची आणि सगळ्यांना दहापैकी दहा गुण मिळायचे. (आपल्याकडच्या रिअॅलिटी शोमध्ये रडवेली झालेली पोरं बघितली की मला त्या दहापैकी दहाची फार आठवण येते.) १९८५ मध्ये मामाच्या खटपटीनं पहिली तबकडी निघाली आणि बुडाली.

मग १९८७. 'जो ल ताक्सी'.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या मावशीनं पॅरिसहून आणलेल्या कॅसेटवर. आम्ही फ्रेंच शिकायला नुकती सुरुवात केली होती, त्यामुळे 'टॅक्सी' सोडून एक शब्द कळला नाही. चाल मात्र डोक्यात बसली ती बसलीच. सुरुवातीचा तो सॅक्सोफोन, मागे लॅटिन अमेरिकन ठेका, आणि वर हा आवाज. बारीक, किंचित नाकातला, गाण्याला नुसता टेकल्यासारखा. माझी आई किराणा घराण्याचं गाणं शिकलेली. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, हिला सर्दी झालीय का?" कॅसेट दुसऱ्यांदा लावली तेव्हा तिनं थोडं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "सुरात आहे पोर. पण दम नाही."

दम नाही हे खरंच आहे. पण या गाण्याला दम नकोच होता. रात्रीचं पॅरिस, तिथले सगळे लहान-मोठे बार आणि गल्ल्या तोंडपाठ असलेला एक टॅक्सीवाला, त्याच्या गाडीत वाजणारे रुम्बा आणि मांबो. शब्द एतियेन रोदा-जिलचे. स्पेनच्या यादवी युद्धात हरून फ्रान्समध्ये आश्रयाला आलेल्या प्रजासत्ताकवाद्यांचा हा मुलगा. चाल फ्रांक लांगोल्फची. हेच गाणं एखाद्या मुरलेल्या गायिकेनं दारू-सिगारेटच्या आवाजात म्हटलं असतं तर शंभर गाण्यांतलं एक झालं असतं. चौदा वर्षांची मुलगी ते कसलाही आव न आणता म्हणते, म्हणून ते कानात राहतं. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो 'जो' मुळात बाई होता. पोर्तुगालहून पॅरिसला आलेली, रात्रपाळीला टॅक्सी चालवणारी एक बाई. रोदा-जिल तिच्या गाडीतून जायचा. २०१९ मध्ये ती वारली तेव्हा ही हकिकत पुन्हा एकदा छापून आली.

फ्रान्समध्ये हे गाणं अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि तेही फ्रेंचमध्येच. इंग्रजांनी परभाषेतलं गाणं इतकं डोक्यावर घेणं ही तशी क्वचितच घडणारी गोष्ट.

यानंतर जे झालं ते वर्गात सांगताना मी जरा अडखळते. एवढ्या मोठ्या यशानंतर फ्रान्सनं त्या मुलीचा अक्षरशः छळ मांडला. रस्त्यात लोक अंगावर थुंकायचे, केस ओढायचे, भिंतींवर तिच्या नावानं घाण लिहायचे. हे तिनंच नंतर मुलाखतींत सांगितलंय. १९८८ च्या जानेवारीत कान या गावी 'मिदेम' हा संगीत-व्यवसायाचा मेळावा होता. तिथे ती गायला उभी राहिली आणि समोर बसलेल्या धंद्यातल्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याकडे शिट्टी म्हणजे पिटातली दाद. फ्रान्समध्ये शिट्टी म्हणजे हुर्यो, चालती हो. पंधरा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसांनी. कारण काय, तर म्हणे आवाज नाही, एका गाण्याची बाहुली आहे, मामानं पुढे केलीय. त्याच काळात पुरुष गायकांतही आवाज नसलेले ढिगानं होते. त्यांच्या अंगावर कुणी थुंकल्याचं माझ्या वाचनात नाही.

इथं दुसरी एखादी संपली असती. तिनं काय केलं, तर सिनेमा केला. आणि तोही हलकाफुलका, नाचगाण्याचा नव्हे. जाँ-क्लोद ब्रिसोचा 'नोस ब्लांश', १९८९. साँत-एतियेनसारख्या कोळशाच्या खाणींच्या जुन्या औद्योगिक गावातला तत्त्वज्ञानाचा पन्नाशीकडचा शिक्षक आणि त्याची सतरा वर्षांची विद्यार्थिनी. शिक्षक झालाय ब्रुनो क्रेमेर. मातिल्ड नावाची ही पोरगी हुशार, उद्ध्वस्त, आणि शेवटी स्वतःचा जीव घेणारी. या भूमिकेसाठी १९९० मध्ये तिला होतकरू अभिनेत्रीचं सेझार, म्हणजे फ्रान्समधलं मानाचं सिनेपारितोषिक, मिळालं. दोन वर्षांपूर्वी शिट्ट्या मारणारा धंदा आता टाळ्या वाजवत होता.

हा सिनेमा मी तरुणपणी पाहिला तेव्हा भारावून गेले होते. आता शिक्षिका म्हणून बघवत नाही. मुलगीच शिक्षकाच्या मागे लागलीय असं त्यात फार सफाईनं मांडलंय. आणि दिग्दर्शक ब्रिसोला पुढे २००५ मध्ये, दुसऱ्या एका सिनेमाच्या चाचण्यांच्या वेळी अभिनेत्रींचा लैंगिक छळ केल्याबद्दल न्यायालयानं दोषी ठरवलं, हे कळल्यावर तर नाहीच. पण पारादीचं काम खणखणीत आहे. गाण्यात जो आवाज किरकोळ वाटतो तोच इथे बोलण्यात धारदार होतो. क्रेमेरसारख्या दगडी नटासमोर ती एका जागी बसून बोलते आणि लक्ष तिच्याकडेच जातं.

१९९० मध्येच दुसरा अल्बम आला, 'व्हारियासियाँ सुर ल मेम तेम'. शब्द जवळजवळ सगळे सेर्ज गँसबूरचे. फ्रेंच गाण्यातला हा मोठा कवी, आणि तितकाच बदनाम. तरुण गायिकांकडून चावट गाणी गाऊन घेण्यात त्याचा हातखंडा. साठच्या दशकात फ्रांस गाल नावाच्या कोवळ्या गायिकेला त्यानं लॉलीपॉपचं एक गाणं दिलं. त्यातला दुसरा अर्थ सगळ्या देशाला कळला, गाणारीला मात्र नंतर, आणि ती कायमची दुखावली. म्हणून सतरा वर्षांची पारादी आणि गँसबूर ही जोडी ऐकली की माझ्यासारखीच्या पोटात गोळाच येतो. पण अल्बम ऐकताना जाणवतं ते वेगळं. शब्दखेळ आहेत, चावटपणाही आहे, पण गाणारी भोळी नाही. ती ओळीच्या बरोबरीनं चालते, कधी अर्धं पाऊल पुढेच. 'ताँदेम' तर मी आजही उच्चाराच्या सरावाला देते. मुलांची जीभ तीन ठिकाणी अडखळते, ती मात्र पाण्यावरून गेल्यासारखी जाते. गँसबूर मार्च १९९१ मध्ये गेला. त्याच्या शेवटच्या कामांपैकी हे एक.

'गाणी तर दुसऱ्यांनी लिहिली, तिचं त्यात काय?' हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. अरे, आशाबाईंना कुणी विचारलंय का, की गाणं तुम्ही लिहिलंत का? फ्रान्समध्येही गाणारा आणि लिहिणारा वेगळा असण्याची जुनी परंपरा आहे. एदित पियाफनं काही गाणी लिहिली, पण लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते गाण्यासाठी. ब्रिटिश-अमेरिकन रॉक ऐकून वाढलेल्या मुलांना मात्र आतून आलेलं, स्वतः लिहिलेलं तेवढंच अस्सल वाटतं. असो.

आता मॉडेलिंग. खरं तर हे सगळं एकाच जाहिरातीत आहे. १९९१, शानेलचं 'कोको' नावाचं अत्तर, दिग्दर्शक जाँ-पोल गूद. मोठ्या पिंजऱ्यात झोपाळ्यावर काळी पिसं ल्यालेली पारादी, पक्ष्यासारखी झोके घेतेय आणि शिट्टी वाजवतेय. खाली मांजर टपून बसलेलं. तीन वर्षांपूर्वी जिला शिट्ट्या मारून हाकलत होते ती आता देशातल्या सगळ्यात दिमाखदार कंपनीसाठी पिंजऱ्यात बसून शिट्टी मारतेय! हा योगायोग गूदच्या मनात होता की नाही, मला ठाऊक असायचं कारण नाही, पण मला तो बघताना दर वेळी मजा वाटते. शानेलचं आणि तिचं नातं त्यानंतर वर्षानुवर्षं टिकलं, पर्सच्या जाहिराती, लिपस्टिकच्या जाहिराती वगैरे. समोरच्या दोन दातांमधली ती फट तिनं कधी बुजवली नाही. पुण्यात जन्मली असती तर दहाव्या वर्षीच आईनं डेंटिस्टकडे नेऊन तार लावून घेतली असती.

१९९२ चा इंग्रजी अल्बम मी पटकन ओलांडते. लेनी क्रॅविट्झ या अमेरिकन रॉक गायकानं अमेरिकेत केलेला, साठच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांच्या धाटणीचा. 'बी माय बेबी' ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं. वाद्यमेळ छान आहे, पण इंग्रजीत ती कुणीही वाटते. फ्रेंच व्यंजनांवर ती जी हलकी टिचकी मारते ती इंग्रजीत गायबच. माझी एक मैत्रीण हाच तिचा सर्वोत्तम अल्बम मानते आणि त्यावरून आमचं नेहमी वाजतं.

माझ्या मते तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर काही मिनिटं आहेत ती १९९५ च्या कान चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनातली. परीक्षक मंडळाची अध्यक्ष होती जान मोरो, फ्रेंच सिनेमातली थोर नटी. मोरोनं १९६२ च्या त्रुफोच्या 'ज्युल ए जिम'मध्ये 'ल तुर्बियाँ' हे गाणं म्हटलं होतं, फ्रान्समध्ये लहानथोरांना पाठ असलेलं. तेच गाणं पारादी मंचावर मोरोकडे बघत म्हणायला लागते. लक्षात घ्या, गाव तेच. सात वर्षांपूर्वी याच गावात तिची हुर्यो उडवली होती. आणि समोर जी बसलीय तिचं हे स्वतःचं गाणं. चुकायला पूर्ण वाव. पारादी ते फार साधेपणानं म्हणते, थोडी घाबरलेलीही वाटते. मग मोरो तिच्या आवाजात आवाज मिसळते. एक कोवळा आवाज, एक खरबरीत, आणि दोन्ही तसे लहानच. आईला मी हे फोनवर दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं. "ती म्हातारी कोण?" मी सांगितलं. "तिला कळतंय, पोर कुठे श्वास घेणार ते. बघ, तिला ती जागा देतेय." आणि मग, जरा थांबून, "पोरही शहाणी आहे. मोठ्या माणसाच्या पुढे धावत नाही."

मी इतकी वर्षं जे सांगायचा प्रयत्न करत होते ते आईनं चहा गार व्हायच्या आत सांगून टाकलं.

सिनेमातही तिचं हेच दिसतं. १९९८ मध्ये दिग्दर्शक पात्रीस लकोंतनं तिला बेलमाँदो आणि दलाँ या फ्रेंच सिनेमातल्या दोन म्हाताऱ्या वाघांच्या मधे उभं केलं. दोघांपैकी आपला बाप कोण हे शोधणारी मुलगी. सिनेमा बेताचाच आहे, दोघं एकमेकांवर कुरघोडी करण्यात दंग आहेत, आणि ती मजेत बघतेय. पुढच्या वर्षी त्याच लकोंतचा 'ला फिय सुर ल पाँ', म्हणजे पुलावरची मुलगी. हा मात्र चुकवू नका. १९९९ मध्ये कृष्णधवल. सुरुवातीलाच कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर रोखलेला, आणि ती कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत स्वतःच्या फुटक्या नशिबाची कहाणी सांगतेय. मिनिटामागून मिनिटं जातात. हसते, हसता हसता डोळे भरतात, नाक पुसते, पुन्हा सुरू. पुढे सीन नदीत उडी मारायला पुलावर उभी असताना तिला भेटतो सुरे फेकणारा गाबोर, दानिएल ओतय. त्याला नेम धरायला कुणीतरी हवं असतं आणि हिला मरायचंच असतं. सुरे फेकण्याचे प्रसंग लकोंतनं चक्क शृंगारासारखे चित्रित केलेत. सेझार ओतयला मिळालं, तिला नुसतं नामांकन. मी परीक्षक असते तर ते पहिल्या त्या प्रसंगासाठीच तिला दिलं असतं.

जॉनी डेप याच सुमाराला आला. १९९८ ते २०१२, दोन मुलं, लिली-रोझ १९९९ ची आणि जॅक २००२ चा. लग्न केलं नाही. याविषयी इंटरनेटवर हवं तेवढं सापडेल, आणि माझ्या विद्यार्थ्यांना ते आधीच ठाऊक असतं. मला त्यात रस इतकाच, की त्या वर्षांत तिनं काम मोजकं केलं. २००० मध्ये 'ब्लिस' हा अल्बम, ज्यात शब्दांतही तिचा हात आहे, आणि मग थेट २००७ मध्ये 'दिव्हिनिदिल'. सात वर्षांनी येऊन ती मात्यू शेदीद या गिटारवाल्याला हाताशी धरते आणि २००८ च्या 'व्हिक्तुआर' या फ्रान्सच्या संगीत पुरस्कारांत वर्षातली सर्वोत्तम गायिका ठरते. आवाज तोच लहानसा, फक्त आता त्यात वय उतरलंय. खर्जात गेली की पूर्वी पोकळ वाटायची, आता तिथे काहीतरी सापडतं. २०१३ चा दुहेरी अल्बम तिनं बाँजामँ बिओलेबरोबर केला. तो मला लांबलेला वाटतो. त्यातली निम्मी गाणी गाळली असती तरी चाललं असतं.

'काफे द फ्लोर' (२०११) पाहिल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोलले नाही. कॅनडाच्या जाँ-मार्क व्हालेचा सिनेमा. १९६९ चं पॅरिस, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला एकटीनं वाढवणारी आई. मेकअप नाही, अंगावर जुनाट कोट, चेहरा ओढलेला. ही आई प्रेमळ आहे आणि भयंकरही आहे, कारण मुलाला दुसऱ्या कुणाची ओढ लागलेली तिला सहन होत नाही. शानेलच्या पिंजऱ्यातली ती चिमणी हीच, असं कुणाला सांगूनही पटणार नाही. कॅनडात या भूमिकेला सर्वोत्तम अभिनेत्रीचं जिनी पारितोषिक मिळालं.

रंगभूमीवर ती आली ती थेट २०२१ मध्ये, पॅरिसच्या एदुआर सेत नाट्यगृहात. नाटकाचं नाव 'मामाँ', लेखक-दिग्दर्शक साम्युएल बेनशेत्री, म्हणजे तिचा नवराच. दोघांनी २०१८ मध्ये लग्न केलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाटकात पहिलं पाऊल, आणि मोलिएर या फ्रेंच नाट्यपुरस्काराचं नामांकनही पदरात.

तर वर्गातल्या त्या मुलाला मी काय यादी दिली? गाण्यांत आधी 'ताँदेम', मग कानची ती मोरोबरोबरची फीत, मग २०१० ची व्हर्सायच्या राजवाड्यातल्या नाट्यगृहातली मैफल, जिथे साथीला मोजकी वाद्यं आहेत आणि आवाजाला लपायला जागा नाही. लहान भावंडं असतील तर पॅरिसमधल्या राक्षसाचा तो २०११ चा अॅनिमेशनपट, त्यातल्या गायिकेला आवाज तिचाच आहे. सिनेमांत पुलावरची मुलगी आणि 'काफे द फ्लोर'. आणि २०१८ चा 'अँ कुतो दाँ ल कर', त्यातही सुरे आहेत, आणि १९७९ च्या पॅरिसमध्ये समलिंगी पुरुषांचे निळे सिनेमे काढणारी, दारूत बुडालेली निर्माती ती अशी काही रंगवते की बघत राहावं. फक्त तो हॉलमधल्या टीव्हीवर आजी-आजोबांच्या देखत लावू नका. एकानं लावला होता.